धरणारा

थोरल्याचा खोकला घरात सगळ्यांच्या आधी उठायचा. कोंबडं अजून नुसतं पंख झटकत असायचं, तोवर ओसरीवरून तो कोरडा ठसका सुरू व्हायचा. चार महिने झाले होते. आई म्हणायची, हवा बदलली की जाईल. हवा दोनदा बदलली, खोकला होता तिथंच होता. थोरली, म्हणजे त्याची बायको, पहिले काही दिवस धडपडत उठून पाणी द्यायची. मग ती झोपायच्या आधीच उशाशी तांब्या भरून ठेवायला लागली. आता ती झोपेतच कूस बदलायची आणि डोक्यावरून पांघरूण ओढून घ्यायची. तिचंही चुकत नव्हतं, दिवसभर तिच्या पाठीचा काटा ढिला झालेला असायचा.

थोरला गावाबाहेरच्या खाणीजवळ शेडमध्ये दगड कापायचा. पायऱ्या, उंबरे, कठड्याचे दगड, असं सगळं. तिथं माणसं जोडीनं बसतात. एक कटर चालवतो, दुसरा समोर उकिडवा बसून दगड धरतो. चालवणारा जुना, जाणता असतो, धरणारा नवा. चालवणाऱ्याच्या पाठीकडून वारा येतो आणि चकतीतून उडालेली धूळ सरळ समोर जाते, म्हणजे धरणाऱ्याच्या तोंडावर. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, पण कुणी मोडलेलंही नव्हतं. नव्या माणसानं धूळ खायची, हात कसा फिरतो ते बघायचं आणि चार-पाच वर्षांनी स्वतः चालवायला बसायचं. चकतीवर पाणी सोडलं तर धूळ बसते हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण पाण्यानं दगडावर आखलेली रेघ धुऊन जाते आणि काप वाकडा जातो. म्हणून पाण्याची बादली होती ती हात धुवायला.

यंदा गारांनी उभं पीक झोपवलं. धाकटा भाऊ शेत बघायचा, त्याला हातावर हात ठेवून बसायची वेळ आली. तो काही बसून राहणाऱ्यातला नव्हता. आडव्या झालेल्या ताटांमधून दोन दिवस फिरला, हाती लागलं ते गुरांपुढं टाकलं आणि तिसऱ्या दिवशी थोरल्याला म्हणाला, दादा, मला परत शेडवर घे. सहा वर्षांपूर्वी तो तीन वर्षं शेडवर होताच. थोरल्यासमोर बसून त्यानंच दगड धरले होते. वडील गेले तेव्हा शेताकडं कुणीतरी हवं म्हणून तो सुटला होता.

नेमका त्याच सुमारास शेडवर नवा नियम आला. कटरवर बसणाऱ्या प्रत्येकानं वर्षातून एकदा मोठ्या गावच्या दवाखान्यात जाऊन छातीचा फोटो काढायचा. ज्याच्या छातीत डाग निघेल, त्याचं काम बंद. मुकादमानं हे सांगितलं तेव्हा सगळ्यांनी आपापल्या छातीकडं न बघता थोरल्याकडं बघितलं. थोरल्याला नेमका तेव्हाच खोकला आला. टॉवेल तोंडावर दाबून तो शेडमागं गेला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. घाबरला होता, आणि आपण घाबरलोय हे लोकांना दिसलं याची त्याला जास्त लाज वाटत होती.

संध्याकाळी मुकादमानंच वाट दाखवली. म्हणाला, फोटोवाला तुमच्यापैकी कुणाला ओळखत नाही, कार्डावर नुसतं नाव असतं. तुझा भाऊ धडधाकट आहे. मी काही बोललो नाही आणि तू काही ऐकलं नाहीस. पायऱ्यांचं मोठं काम हातात होतं आणि थोरल्यासारखा हात शेडवर दुसरा नव्हता, म्हणून मुकादमाला एवढं प्रेम.

थोरल्यानं शेतात बांधावर बसून धाकट्याला विचारलं. विचारताना तो ढेकूळ फोडत होता आणि वर बघत नव्हता. धाकटा आधी हसलाच.

"छातीचाच फोटो ना, दादा? तोंडाचा नाही ना? मग काय बिघडलं."

गुरुवारी दोघं गेले. फोटोवाला दवाखान्यात एक आठवडा सोडून दर गुरुवारी यायचा. धाकट्यानं कार्ड खिशात घातलं आणि आत गेला. थोरला बाहेर सायकलींजवळ थांबला, कुणी ओळखीचं दिसलं तर सांगायला म्हणून त्यानं मनात एक खोटं तयार ठेवलं होतं. ते वापरावं लागलं नाही. धाकटा बटणं लावत बाहेर आला आणि परतीच्या वाटेवर त्यानं फोटोवाल्याची नक्कल केली. श्वास घ्या, धरा, हलू नका. दादा, मी त्याला म्हटलं, साहेब, धरून बसायचं तर आपण तीन वर्षं शिकलोय. थोरला हसला आणि हसता हसता त्याला पुन्हा उबळ आली.

दोन आठवड्यांनी मुकादमाच्या हातात फोटोंचे कागद आले. त्यानं थोरल्याला बाजूला घेतलं. बाकी सगळे साफ होते. थोरल्याच्या नावाच्या कागदावर लाल शाईनं लिहिलं होतं, डॉक्टरांना भेटणे. मुकादम बराच वेळ कागदाची घडी घालत राहिला. नाव तुझं, फोटो त्याचा, काय ते तूच बघ, एवढं बोलून तो निघून गेला. थोरला चकती बदलायला बसला. तीच चकती त्यानं दोनदा काढून दोनदा बसवली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी तो एकटाच दवाखान्यात गेला. डॉक्टर तरुण बाई होती, आवाज बारीक पण नजर धारदार. तिनं विचारलं, खोकला कधी येतो. पहाटे आडवं असताना, जेवण झाल्यावर, वाकून काम करताना, त्यानं सांगितलं. तोंडात आंबट पाणी येतं का? येतं. घशाशी जळजळ? होते. तिनं पाठीला नळी लावली, श्वास घ्यायला लावला, पुन्हा लावली. मग फोटो उजेडावर टांगला आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

थोरल्यानं आयुष्यात पहिल्यांदा आपल्या भावाची छाती आतून बघितली. फासळ्या नीट दिसत होत्या. वरच्या बाजूला दोन्हीकडं बारीक पांढरे ठिपके होते, पीठ चाळल्यावर चाळणीत कणी उरते तसे. खूप होते. एखादा मोठा डाग असेल आणि तो बोटानं दाखवता येईल, अशी त्याची समजूत होती. हे असं सगळीकडं पसरलेलं असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"ही दगडाची धूळ आहे," डॉक्टर म्हणाली. "आत जाऊन बसलेली. ती काढता येत नाही. अजून जाऊ द्यायची नाही, एवढंच आपल्या हातात. अशा छातीला क्षयही लवकर धरतो, म्हणून थुंकीही तपासायला लागते. तुम्ही कटर चालवता की दगड धरता?"

"चालवतो."

"चालवणाऱ्याला एवढं सहसा नसतं. हे समोर बसलेल्याचं वाटतं."

तिनं विचारलं, गळ्याजवळचं डावं हाड कधी मोडलं होतं का, फोटोत गाठ दिसतेय. धाकटा नऊ वर्षांचा असताना चिंचेवरून पडला होता आणि थोरल्यानंच त्याला पाठुंगळी घरी आणलं होतं. लहानपणी मोडलं होतं, थोरला म्हणाला. हे खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. तिनं उठून त्याच्या डाव्या हाडावरून अंगठा फिरवला. हाड सरळ होतं. तिनं अंगठा उजव्या बाजूला फिरवला, तेही सरळ होतं. मग ती खुर्चीत बसली आणि बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिली. त्या नजरेपुढं त्याला अंगावर सदरा नसल्याची जाणीव झाली.

"कधी कधी फोटोंची अदलाबदल होते," ती शेवटी म्हणाली. "तसं काही झालंय का?"

आता बोलायचं होतं. दार उघडं होतं, नुसतं आत पाऊल टाकायचं. पण थोरल्याला एकदम सगळं दिसलं. कार्डावरचं आपलं नाव, मुकादम, बंद झालेलं काम, आणि सगळ्यांच्या मागं धाकटा, समोर उकिडवा बसलेला, भुवयांवर पांढरी धूळ घेऊन हसणारा. ती धूळ त्याच्यावर उडवली कुणी, हे डॉक्टरनं विचारलं नव्हतं. तरी उत्तर त्याच्या तोंडापर्यंत आलं आणि तिथंच अडकलं. माहीत नाही, तो म्हणाला.

तिनं सांगितलं, खोकणाऱ्याच्या छातीत डाग असतोच असं नाही, आणि डाग असलेला खोकतोच असंही नाही. तुमचा खोकला बहुतेक पोटातून येतोय. रात्री पोटभर जेवून लगेच आडवं पडू नका, उशाकडची बाजू उंच करा, या गोळ्या घ्या. फोटोवाला कालच येऊन गेला, आता पुढचा गुरुवार सोडून त्याच्या पुढच्या गुरुवारी या, तुमचा फोटो पुन्हा काढू. तुमचा, असं ती दोनदा म्हणाली. आणि हा फोटो ज्याचा असेल त्यानं धुळीत बसू नये, असंही म्हणाली.

घरी सगळे वाटच बघत होते; फोटोला कोण उभं राहिलं होतं हे त्यांना ठाऊक होतं. थोरल्यानं चपला काढल्या, पाय धुतले आणि सांगितलं की फोटो साफ आहे, खोकला पोटाचा आहे. आईनं लगेच देवापुढं हात जोडले. थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं भांडी घासता घासता दंडाला पुसलं. धाकटी, म्हणजे धाकट्याची बायको, तशी कमी बोलायची. तीही म्हणाली की यांच्या छातीला बक्षीस द्यायला पाहिजे. धाकट्यानं छाती फुगवून अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि सगळे हसले. थोरला जेवायला बसला. आपल्यासारखा नालायक माणूस या घरात दुसरा नाही, असं त्याला अगदी स्पष्ट वाटलं. तरी तो जेवला, कारण जेवला नसता तर कुणीतरी विचारलं असतं.

सोमवारपासून धाकटा शेडवर येणार होता. शनिवार गेला. रविवारी थोरला दोनदा त्याच्या दारापर्यंत जाऊन आला. एकदा तो दाढी करत होता, एकदा झोपला होता. दोन्ही वेळा थोरल्याला बरंच वाटलं, आणि बरं वाटलं याची नंतर चीड आली.

सोमवारी सकाळी त्यानं कटर धाकट्याच्या हातात दिलं आणि स्वतः समोर जाऊन बसला. शेडवर हशा पिकला. कुणी म्हणालं, धाकटं सरकार गादीवर बसलं. कुणी म्हणालं, भाऊ असावा तर असा, नाहीतर आमचा, बांधावरच्या बोरासाठी कोर्टात गेलाय. थोरला दगड धरून बसला. चकती सुरू झाली आणि धूळ त्याच्या तोंडावर आली. किती वर्षांनी आली होती. डोळे चुरचुरले, दातांत रेती कचकचली. टॉवेल नाकाला बांधला तरी ती आत शिरत होती. तीन वर्षं रोज आठ तास हे असं, आणि पोरानं कधी हूं की चूं केलं नाही.

पण धाकट्याला कापाचा सराव नव्हता. मंगळवारी दोन पायऱ्यांच्या कडा तुटल्या, बुधवारी सकाळी एक उंबरा मधोमध गेला. मुकादम तरातरा आला. त्यानं थोरल्याकडं बघितलं, थोरल्यानं त्याच्याकडं, आणि दोघांनाही सगळं ठाऊक होतं. मुकादम म्हणाला, जागा बदला, काम वाया घालवायला बसलो नाही. थोरला म्हणाला, मग दुसरा धरणारा द्या. आधीचा धरणारा दुसऱ्या जोडीत गेला होता, मोकळा कुणी नव्हता. धाकटा केव्हाच उठून समोर येऊन बसला होता, कपाळाला टॉवेल गुंडाळत. तो म्हणाला, दादा, ऊठ ना, लोक बघतायत.

थोरला उठला. कटर हातात घेतलं. त्यानं बादलीतलं पाणी डबड्यानं चकतीवर सोडलं, तर रेघ धुऊन गेली आणि मुकादम लांबूनच ओरडला. मग त्यानं पाणी सोडलं नाही. तो दिवस, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, आणि पुढचा सोमवार, मंगळवार. हात आपलं काम करत होते, रेघ सरळ जात होती. समोरचा चेहरा दुपारपर्यंत ओळखू येईनासा व्हायचा. गोळ्यांनी थोरल्याचा खोकला मात्र उतरत चालला होता. एका पहाटे तो आलाच नाही. थोरली दचकून जागी झाली आणि यांना काय झालं म्हणून कानोसा घेत राहिली. थोरला जागाच होता.

घरी तो आपल्या वाटणीचं दूध धाकट्याच्या पेल्यात ओतायचा. धाकटी संकोचायची. आई शेजारणींना सांगत सुटली की माझ्या पोरांमध्ये बघा कशी माया आहे. एकदा तिनं हे त्याच्यासमोरच सांगितलं. तो उठून गोठ्यात गेला आणि स्वच्छ असलेलाच गोठा परत झाडला.

आता गुरुवार दोन दिवसांवर आला होता, आणि थोरल्यानं मनात सगळं मांडून बघितलं होतं. एकट्यानं जायचं. खोकला पोटाचा, म्हणजे आपली छाती साफ असणार. फोटो साफ येईल. पहिल्या वेळी अदलाबदल झाली असेल, असं डॉक्टर लिहील. मुकादमाचा जीव भांड्यात पडेल, जागा राहील, घरात कुणाला कधी काही कळणार नाही. धाकट्याला पुढच्या वर्षी फोटो काढावाच लागेल, तेव्हा कळेल ते कळेल. हे सगळं किती सोपं होतं, याचाच त्याला घाम फुटला.

बुधवारी संध्याकाळी उंबऱ्याचे दगड चढावरून वरच्या रस्त्यावर न्यायचे होते. दोघांनी बांबूला दोर बांधून एक दगड उचलला. हा चढ धाकटा पूर्वी गाणं म्हणत चढायचा. आता अर्ध्यावर त्यानं थांब म्हटलं. दगड खाली ठेवला, गुडघ्यांवर हात टेकले आणि श्वास घेत राहिला. खोकला नाही, काही नाही. नुसता श्वास, छोटा छोटा, पुरत नसल्यासारखा.

"वय झालं, दादा," तो हसून म्हणाला.

तो एकतीस वर्षांचा होता. थोरल्यानं दोराची गाठ सोडली, पुन्हा बांधली, आणि उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चल म्हणाला.

गुरुवारी दवाखान्यात गर्दी होती. दोघांना भिंतीकडच्या बाकावर कशीबशी जागा मिळाली. एक बाई मांडीवरच्या लेकराला वारा घालत होती, एक म्हातारा आपला नंबर गेला की काय म्हणून सारखा विचारत होता. धाकट्याला वाटलं, दादा एकटा यायला घाबरतोय. तो हळूच कानाशी आला आणि म्हणाला, परत उभं राहायचं असेल तर मी आहेच, आता तर सवय झालीय.

"तो फोटो साफ नव्हता," थोरला म्हणाला.

धाकट्याचा चेहरा पडला. त्यानं थोरल्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मग आता तुझं काय होणार, दादा?"

या माणसाला अजूनही काळजी वाटत होती ती थोरल्याची. थोरल्यानं गुडघ्यावरचा तो हात तसाच राहू दिला आणि समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाला, "छाती तुझी होती ना."

हात काही वेळ तिथंच राहिला. मग धाकट्यानं तो उचलून आपल्या मांडीवर ठेवला. लेकरू रडायला लागलं, त्याची आई त्याला घेऊन बाहेर गेली. थोरल्यानं सगळं सांगितलं, डॉक्टर जे बोलली तेवढं, तिच्याच शब्दांत. धूळ आत आहे, निघत नाही, अजून जाऊ द्यायची नाही. सांगताना तो कुठंही थांबला नाही, थांबला असता तर पुढं बोलता आलं नसतं. ती धूळ मीच उडवली, हेही तो बोलला, पण ते फार हळू.

धाकट्यानं ऐकून घेतलं. तो चिडेल, उठून जाईल, चार लोकांत दोन शब्द ऐकवेल, अशी थोरल्याची तयारी होती. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"तुला कधी कळलं?" धाकट्यानं विचारलं. "मी सोमवारी बसायच्या आधी, की नंतर?"

"आधी."

धाकट्यानं मान हलवली. हिशेब लागला की माणूस हलवतो तशी. मग थोरल्याच्या नावाचा पुकारा झाला. दोघांपैकी कुणीच उठलं नाही. दुसऱ्यांदा पुकारा झाला तेव्हा थोरला उठला, पण त्याच्या आधी धाकटा दारात पोचला होता.

डॉक्टरनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. तिनं धाकट्याला सदरा काढायला सांगितला. डाव्या हाडावर गाठ होती, तिच्यावरून तिनं एकदाच बोट फिरवलं. जुन्या कागदावरचं नाव खोडून नवा कागद घेतला. त्याचं नाव लिहिलं, वय लिहिलं. चढावर धाप लागते का? लागते. वजन उतरलंय का? ठाऊक नाही. थोरला दाराशी भावाचा सदरा हातात घेऊन उभा होता, बस म्हटलं तरी बसला नाही.

"दगडाच्या धुळीत एकूण किती दिवस काम केलंत?" डॉक्टरनं विचारलं.

"तीन वर्षं," धाकटा म्हणाला. तिचं लिहून होईपर्यंत तो थांबला. "आणि नऊ दिवस."

तिनं पेन वर उचललं. नऊ दिवस लिहायची गरज नाही, तेवढ्यानं काही फरक पडत नाही, असं ती म्हणाली.

"लिहा, बाई," थोरला दारातून म्हणाला. "ते नऊ दिवस मला माहीत असताना झालेत."